बिनदगडाचं शेड

आमच्या शेडवर एकही दगड नाही. पाहुणा कुणी आला की मी हे आधी सांगते, आणि तो मान वर करून बघतोच. कारण दिंद्रुडच्या आजूबाजूला तुम्ही कोणत्याही गावात जा, पत्र्याचं घर म्हटलं की वर दगड आलेच. कुठं दगडाच्या जोडीला फुटकं जातं, कुठं ट्रॅक्टरचं टायर, कुठं मोडका पाळणा. मी बी.एस्सी. झाले, तीही भौतिकशास्त्र घेऊन, तरी पत्र्यावर दगड कशाला हा प्रश्न मला पंचवीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. भाकरीला तवा लागतो, पत्र्याला दगड लागतो, एवढंच माहीत.

आता आभाळ भरून आलं, वारा सुटला, तरी मी हातातलं काम सोडत नाही. वर्गात असले तर फळ्यावरचं गणित पुरं करते. हे सुख किती मोठं आहे ते ज्यांचं घर पत्र्याचं आहे त्यांनाच कळेल.

आमच्या भावकीत कॉलेजला गेलेली मी पहिली. हे मी मिरवते. मिरवायचं नसेल तर शिकायचं कशाला? तात्या आणि माय, म्हणजे माझे वडील आणि आई, दोघांचा मिळून एक कोयता. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात, माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. दसरा झाला की दोघं ट्रकमध्ये बसून साखर कारखान्यावर जायचे ते पाडव्याच्या पुढं-मागं परत यायचे. मी वसतिगृहात राहून शिकले, बीडला पदवी घेतली, पहिल्या वर्गात. सध्या दिंद्रुडला एका खाजगी शिकवणीत नववी-दहावीला विज्ञान शिकवते.

पदवी हातात आल्यावर मी एकच गोष्ट मनात धरली होती, की मायला आता कोयता धरू द्यायचा नाही. विहिरीला पाणी बरं लागलं होतं. एक एकर तुती लावली आणि रेशीम करायचं ठरवलं. आमच्या तालुक्यात बरेच जण करतात. किड्याला तुतीचा पाला घालायचा, महिन्याभरात तो कोष करतो, कोष विकायचे. काम बारीक आहे, पण घरच्या घरी आहे. त्याला एक शेड मात्र लागतं. पन्नास फूट लांब, बावीस फूट रुंद, लोखंडी खांबांवर पत्रा, आणि बाजूनं भिंतींच्या जागी जाळी.

अडचण पत्र्याची होती. म्हणजे मायची.

मी नववीत होते त्या साली, उन्हाळ्यात, आम्ही तिघं घरात जेवत होतो. वावटळ आली. आमच्या पत्र्याचं एक टोक उचललं गेलं आणि त्याच्यावरचा दगड घरंगळत आत आला. तो मायच्या खांद्यावर पडला. हाड मोडलं. जोडलं गेलं, पण उजवा हात तिला आजही कानाच्या वर नेता येत नाही. केस विंचरताना ती मान खाली घालते आणि फणी डोक्यापर्यंत आणायच्या ऐवजी डोकं फणीपर्यंत नेते. त्या दिवसापासून वारा सुटला की माय घराबाहेर. पाऊस असो, ऊन असो, ती जाऊन गोठ्याजवळच्या लिंबाखाली उभी राहते. गावातले हसतात. ती म्हणते, "हसा. तुमचा खांदा साबूत हाय."

शेडाचं तिला सांगितलं तेव्हा तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "किडं सांभाळीन मी. पाला घालीन, झाडून काढीन, सगळं करीन. पण पत्र्याखाली माझ्यानं बसवलं न्हाई, तर मंग आपला कोयता बरा. उसाच्या फडात वर आभाळ असतंय."

"माय, नवं शेड आहे. मजबूत करू."

"मजबूत म्हंजे?"

"म्हणजे चांगलं. लोखंडाचं."

"दगड बी मजबूतच व्हता," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

इथंच सगळं अडलं होतं. रेशमाच्या किड्याला दिवसातून तीन-चार वेळा पाला लागतो. मी शिकवणीवर, तात्या तुतीत. शेडात राहणार माय. ती आत थांबली तर रेशीम, नाही थांबली तर दसऱ्याला पुन्हा ट्रक. म्हणून मी ठरवलं, छपराचं गणित मी स्वतः करायचं. भौतिकशास्त्र कधी कामाला येणार?

पत्र्याच्या शेडाला आडवा जो लोखंडी त्रिकोण असतो, ज्याच्यावर सगळं छप्पर बसतं, त्याला आमच्याकडे कैची म्हणतात. दोन तिरपे पाईप वर आढ्याला मिळतात, खाली एक आडवा असतो, मधे तिरप्या काड्या. एका शेडाला अशा पाच-सहा कैच्या ओळीनं, प्रत्येक कैची दोन खांबांवर. कैची चुकली की सगळं चुकलं. पुस्तकं आणली, मोबाईलवर बघितलं, आलेखाचा कागद घेऊन बसले. पत्र्याचं वजन काढलं. पाइपाचं वजन काढलं. किड्यांचे मांडव, म्हणजे पाल्यासकट त्यांना ठेवायचे कप्पे, खांबांवरच उभे राहणार होते, त्यांचं वजन वर येणार नव्हतं. आणि मग मी दगडांचं वजन काढायला घेतलं.

खरंच. मायचा खांदा ज्या दगडानं मोडला, तसलेच दगड मी माझ्या कागदावर ठेवले. माझं म्हणणं असं होतं, की तेव्हा दगड कमी होते आणि नीट अडकवलेले नव्हते. आपण जास्त ठेवू, सिमेंटमध्ये बसवू, आणि त्यांचं वजन पेलेल अशी कैची करू. दगडच नको, हे डोक्यात आलंच नाही.

दगड किती किलोचा धरायचा हे पुस्तकात कुठं असणार. म्हणून मी कापूस तोलायचा लटकता काटा घेतला आणि तात्यांना घेऊन शेजारच्या काकांच्या दारात गेले. त्यांच्या घरावर छत्तीस दगड होते. तात्यांनी शिडीवरून एकेक खाली दिला, मी पोत्यात घालून काट्याला लावला, आकडा लिहिला. काका बाजेवर बसून बघत होते.

"काय बाय," ते म्हणाले, "दगडं इकत घेता का काय?"

"न्हाई काका, वजन करतीय."

"कावून ग? बाजार वाढला का?"

तात्या शिडीवरून म्हणाले, "शिकल्याली हाय ती. तिला करू द्या."

"करू दे की. माझे मातर मोजून परत ठिवा. एक कमी पडला तर तुमच्या दारातली पायरी उचलून नेईन."

बारा दगड मोजले. सरासरी अकरा किलो निघाली. मी घरी येऊन सगळी बेरीज केली, कागदावर कैची काढली आणि प्रत्येक सांध्यावर वजनाचे बाण काढले. लाल पेनानं, सगळे खाली तोंड केलेले. गणितातून असं आलं, की वरचे दोन तिरपे पाईप जाड हवेत, कारण ते दाबले जातात. खालचा आडवा मात्र नुसता ताणला जातो, तर तिथं पाईप कशाला, सळई पुरे. उत्तर पुस्तकाशी जुळलं. मी तो कागद मायला दाखवला. तिनं बघितला आणि विचारलं, "ही लाल टोकं कशाची?"

"वजनाची. दगडाची."

 मी चूल बघायला गेले. परत आले तर कागद बाजेवर तसाच, आणि ती बाहेर.

कैच्या करणारे चाचा दिंद्रुडच्या रस्त्यावर बसतात. त्यांचं वेल्डिंगचं दुकान म्हणजे एक बाभूळ, एक मशीन आणि आजूबाजूला लोखंड. आमच्या भागातली निम्मी शेडं त्यांच्या हातची. मी आणि तात्या गेलो तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद घेतला. मी जरा ताठ उभी होते. लोक त्यांच्याकडं बोटानं मातीत रेघा ओढून सांगतात, मी आलेखावर काढून नेलं होतं.

त्यांनी बराच वेळ बघितलं. "हिशोब बराबर दिसतोय," ते म्हणाले. "पण बेटा, हे वजन एवढं कशाचं?"

"दगडांचं."

"कोणते दगड?"

"पत्र्यावर ठेवायचे."

त्यांनी कागद खाली ठेवला. तात्यांकडं बघितलं, मग परत माझ्याकडं. हसले नाहीत, हे मी त्यांचे उपकार समजते.

"आता बघ," ते म्हणाले. "दगड ठेवायचे म्हणून तू पाईप जाड केला. पाईप जाड म्हणून खांब जाड केला. तू किड्याचं घर बांधतीस का दगडाचं?"

"पण चाचा, दगड नसले तर पत्रा उडेल."

"मग मी बोल्ट कशाला देतो? शोभेला?"

तात्या बाजूला उकिडवे बसले होते. ते म्हणाले, "मिस्त्री, बोल्ट असत्यात तरी समदे दगड ठिवत्यात."

"ठेवत्यात, कारण बोल्टला पैसे पडतात आणि दगड फुकट. चार बोल्ट लागतात तिथं एक लावतात आणि वर दगड. मग हवा आली की पत्रा बी जातो आणि दगड बी खाली येतो. कुणाच्या तरी डोक्यात."

 चाचांना मायचं माहीत नव्हतं.

मग ते उठले आणि आतून दोन लहान कैच्या घेऊन आले. कुणाच्या तरी गोठ्यासाठी केलेल्या, सहा-सहा फुटांच्या. एकीला खाली सळई होती, माझ्या कागदासारखी. दुसरीला खाली पाईप आणि मधे तिरप्या काड्या. सळईची कैची त्यांनी दोन दगडांवर उभी केली आणि मला म्हणाले, "वरून दाब."

मी आढ्यावर दोन्ही हातांनी जोर दिला. सळई ताठ झाली, कैची हलली नाही.

"चांगली हाय ना? आता उलटी कर. हवा आली, तर हवा काय करती? दाबती का?"

मी कैची उलटी केली. ते म्हणाले, "तुझ्या शेडाला भिंती न्हाईत, जाळी हाय. हवा बाजूनं आत शिरणार. शिरली तर कुठं जाईल? वरच जाईल. पत्रा खालून उचलती ती. समजली का? आता दाब."

उलट्या कैचीचं आढं आता खाली होतं, ते धरून मी तसाच खाली जोर दिला आणि सळई मधोमध वाकून बाजूला गेली. कैची हातातच मिटली. दुसरी, पाईपवाली, तशीच उलटी करून दाबली. ती जागची हलली नाही. तात्यांनीही दाबून बघितली, अंगाचा भार घालून. काही झालं नाही.

तात्या सळईकडं बघत म्हणाले, "दोरीसारखंच की. दोरी वढली तर ताठ, ढकलली तर लोळती."

"बास," चाचा म्हणाले. "तुमी कुठं शिकला?"

"कारखान्यावर," तात्या म्हणाले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. कारखान्यावर राहायला ऊसतोडवाले बांबूची आणि पाचटाची कोपी बांधतात, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांची खोपटी. तात्यांनी वीस-बावीस कोप्या बांधल्या असतील. ते म्हणाले, "कोपीवर आमी कधी दगड ठिवला न्हाई. पहिल्या साली ठिवलता, मुकादमानं शिव्या घातल्या. कोपी उडती ती उचलून उडती. म्हून आमी आढ्यावरून दोरी टाकायचो अन् दोन्ही अंगाला खुट्ट्या ठोकायचो. तिरप्या. सरळ ठोकली तर उपटून येती."

"आणि घरावर?" मी विचारलं. "आपल्या घरावर दगड का मग?"

तात्यांनी डोकं खाजवलं. "घरावर समदेच ठिवत्यात की."

मी कॉलेजात विमान कसं उडतं यावर उत्तर लिहिलं होतं. पंखाच्या वरून हवा, खालून हवा, आकृतीसकट. पाचपैकी साडेचार मिळाले होते. आणि घराच्या पत्र्याला तेच लागू होतं हे मला एका बाभळीखाली, वेल्डिंगच्या वासात कळलं. वाईट वाटलं का, तर वाटलं. पण वेळेवर कळलं याचं बरं जास्त वाटलं. माझ्या कागदावरची कैची उभी राहिली असती, तर वर चारशे-पाचशे किलो दगड आणि खाली ढकलता क्षणी लोळणारी सळई. आणि त्याखाली माय. ते मी अजून पूर्ण मनात आणू शकत नाही.

घरी येऊन मी कागद उलटा केला आणि पाठीमागं नवी कैची काढली. या वेळी बाण वर तोंड केलेले. गणित पुन्हा केलं. दगड गेले तसे वरचे पाईप बारीक झाले, खालची सळई जाऊन पाईप आला, मधे तिरप्या काड्या आल्या. दुसऱ्या दिवशी चाचांकडं गेले. किती कैच्या, यावर थोडी वादावादी झाली. चाचा पाचवर राजी होते. मी सहा म्हणाले, दहा-दहा फुटांवर.

"पाचावर उभं राहतं की शेड," चाचा म्हणाले. "कडा-आष्टीच्या गावांकडं जाऊन बघ, सगळे पाचच लावतात."

"तुम्ही म्हणाला हवा उचलते. सहा कैच्या म्हणजे बारा खांब जमिनीला धरून राहतील. पाच म्हणजे दहा."

त्यांनी कागद माझ्या हातून घेतला, बघितला आणि म्हणाले, "बरं बाई, सहा. आता तू मला शिकव."

ते मी अजून विसरलेले नाही. विसरणारही नाही.

आमचं रान काळं आहे. काळ्या मातीत खांब नुसता रोवला तर उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात माती फुगते, खांब हलतो. चाचांनी खड्डे मुरूम लागेपर्यंत खणायला लावले, साडेचार-पाच फूट. प्रत्येक खांबाच्या पायाशी त्यांनी एक आडवी पट्टी जोडली आणि वरून काँक्रीट. "खांब रोवायचा न्हाई, अडकवायचा," ते म्हणाले. तात्या माझ्याकडं बघून म्हणाले, "तिरपी खुट्टी." खांबाच्या डोक्यावर जाड प्लेट, कैचीच्या टोकाला तशीच प्लेट, मधे चार बोल्ट. कैच्यांवरून आडवे पाईप, तेही बोल्टनं. पत्रा त्या पाइपांना हुकानं, एकही हुक न गाळता. शेवटच्या दोन कैच्यांमध्ये तिरप्या पाइपांची फुली. हुक लावण्यात दोन दिवस गेले, तिसऱ्या दिवशी मी शिकवणीला सुट्टी घेऊन शिडीवर चढले आणि प्रत्येक हुक हातानं ओढून बघितला. शेजारचे काका खालून म्हणाले, "बाय, दगडं आणू का माझे? पोत्यात भरून देतो."

"ठेवा तुमच्याकडंच."

"उडालं तर मागायला येऊ नगं."

माय रोज दुपारी यायची, बाहेर उभी राहून वर बघायची आणि जायची. शेड पुरं झालं तेव्हा तिनं पहिल्यांदा विचारलं, "वर काय ठिवणार?"

"काहीच नाही."

"काहीच न्हाई?"

"नाही. एकही दगड नाही."

ती आत आली. मधोमध जाऊन उभी राहिली, वर बघितलं, सहा कैच्या मोजल्या. "बगू," म्हणाली. "वारं सुटल्यावर बगू."

पहिली बॅच श्रावणात झाली. किडे चांगले निघाले, कोष चांगले झाले. पण आभाळ काळं झालं की माय हातातली फांदी ठेवून लिंबाखाली. त्या काळात जोराचा वारा आलाच नाही, आणि हेच वाईट झालं. तिला काही दिसलं नाही, मला काही दाखवता आलं नाही. पोळा झाल्यावर मुकादम यंदाचे कोयते ठरवायला येऊन गेला. माय त्याला म्हणाली, "नवरात्रात सांगते." मी रात्री ते ऐकून तात्यांशी भांडले. तात्या म्हणाले, "तिच्या खांद्याला इचार. मला कशाला इचारती?"

दुसरी बॅच भाद्रपदात घेतली. पंचवीस दिवसांचे किडे, शेवटचा टप्पा. त्या आठवड्यात ते एवढं खातात की पाला घालून वळलं की मागं फांद्या उघड्या. त्या दिवशी मी शिकवणीवरून चारच्या सुमाराला गावच्या फाट्यावर उतरले, आणि पश्चिमेकडून धूळ उठलेली दिसली. एकदम. ऊन होतं आणि तेवढ्यात नव्हतं. मी पळत सुटले. पहिला झोत आला तेव्हा मी अर्ध्या वाटेवर होते, बाभळीचं खोड धरून थांबावं लागलं. माझ्यासमोरून एक पत्रा रस्ता ओलांडून गेला, जमिनीवर न टेकता. तो काकांचा होता हे मागाहून कळलं. दगड पडल्याचे आवाज आले, एकामागून एक. मी मोजत नव्हते, पण तेच दगड होते, माझ्या काट्यावरचे.

पुन्हा पळाले तेव्हा मी आधी लिंबाकडं बघितलं. माय लिंबाखाली नव्हती.

शेडाची जाळी फडफडत होती, पत्रा वाजत होता, पण जागेवर होता. दार ओढून आत गेले. माय मांडवापाशी उभी होती. डाव्या हातानं फांद्या घालत होती, उजवा हात खांबाला. किड्यांची खाताना होते ती बारीक करकर त्या वाऱ्यातही ऐकू येत होती.

"माय."

"दार लाव. धूळ यायलीय."

मी दार लावलं. मी तिथंच खाली बसले. वारा अजून दहा-पंधरा मिनिटं होता. माय काम करत राहिली. मधेच एक मोठा झोत आला, सगळं शेड एकदा कण्हल्यासारखं वाजलं. तिनं वर बघितलं, मी पण बघितलं. कैच्या होत्या तशाच होत्या. तिनं पुढची फांदी घेतली.

तात्या तुतीतून आले तेव्हा पूर्ण मातीनं माखलेले. सरीत पालथे पडून राहिले होते. दारातून त्यांनी आधी मायला बघितलं, मग वर, मग खाली बसले, माझ्या शेजारी.

"तू भाईर न्हाई गेलीस?" त्यांनी मायला विचारलं.

"निघालते," ती म्हणाली. "दारापतुर गेलते. मंग वर बगितलं. म्हणलं, वर तर काहीच न्हाई पडायला. अन् किडं खायाची थांबली न्हाईत, मी कशाला थांबू?"

संध्याकाळी काका आले. त्यांचे चार पत्रे गेले होते, एक दगड बाजेवर पडला होता. बाजेवर त्या वेळी कुणी नव्हतं, नशीब. ते शेडाच्या दारात उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले. मग मला म्हणाले, "बाय, ती कैची कुठली?"

"दिंद्रुडच्या चाचांची. खाली पाईपवाली."

"सळईची न्हाई?"

"सळईची घेऊ नका काका. मी दाखवते तुम्हाला का ते."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन चाचांकडं गेले. काकांनी तसल्याच दोन कैच्या उलट्या करून दाबल्या. माझी आकृती चाचांच्या मशीनजवळ खिळ्याला टांगलेली होती, बाण वर असलेली. चाचा म्हणाले, "गिऱ्हाइकाला दाखवायला बरी पडती. तुझ्या अक्षरातली हाय, लोकांना वाटतं सरकारी हाय."

नवरात्रात, चौथ्या माळेला, मुकादम आला. तिसरी बॅच नुकतीच घातली होती. बाहेरच्या माणसानं तसंच आत आलं तर किड्यांना रोग लागतो, म्हणून आम्ही दारात चुन्याचं घमेलं ठेवतो, त्यात पाय बुडवूनच आत यायचं. मुकादमाच्या पायात नवे बूट होते. तो दारात थांबला.

"वयनी," त्यानं हाक मारली, "मंग? कोयता धरू का तुमचा? ट्रक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हाय."

माय आतून म्हणाली, "बूट काढून चुन्यात पाय घाला अन् आत या. न्हाईतर भाईरूनच बोला."

"भाईरूनच बरंय. धरू का?"

"न्हाई."

"न्हाई म्हंजे? नंतर येणार का?"

"न्हाई म्हंजे न्हाई. यंदा न्हाई, पुढच्या साली बी इचारायला येऊ नगा. पाला घालायचाय मला."

मुकादम माझ्याकडं बघायला लागला. मी त्याला चहा विचारला. तो म्हणाला, नको, अजून सात घरं फिरायची आहेत. त्यानं वर एकदा पत्र्याकडं बघितलं, गाडीवर बसला आणि नेकनूरच्या बाजूला निघून गेला.

तात्या विहिरीवरून येत होते. मी त्यांना सांगितलं, माय नाही म्हणाली. त्यांनी डोक्यावरची फांद्यांची मोळी खाली टाकली आणि मोळीवरच बसले. मग टोपी काढून तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिले.

आतून मायचा आवाज आला. "बसलात कावून? पाला आणा की आत. पाय बुडवून या."